रेमिशनमध्ये असूनही पाय जड का? एमएसच्या उरलेल्या लक्षणांसोबतचे रोजचे दिवस

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार. त्याचा अटॅक ओसरतो, स्टेरॉइडचं सलाइन संपतं, डॉक्टर ‘आता रेमिशन आहे’ म्हणतात आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण तळव्यांना मुंग्या तशाच असतात, दुपारनंतर पाय ओढावा लागतो, आणि भेटायला आलेली मावशी म्हणते, ‘दिसायला तर ठणठणीत आहेस की!’ रेमिशन याचा अर्थ नवीन अटॅक नाही, एवढाच. आधीच्या अटॅकमध्ये नसांवरचं मायलिनचं आवरण जिथं गेलं, तिथं ते पूर्ण भरून येतंच असं नाही. शेतातल्या मोटारीची टेप मारलेली केबल सकाळी चालते आणि तापली की कुरकुरते, तसं या नसांचं होतं.

म्हणून सगळ्यात आधी शिकायचं ते हे, की आजचा त्रास जुन्या जखमेचा आहे की नव्या अटॅकचा. नवीन लक्षण आलं किंवा जुनं स्पष्टपणे वाढलं, ते सलग २४ तासांहून जास्त टिकलं आणि अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग नाही, तर अटॅकचा संशय घ्यायचा आणि न्यूरोलॉजिस्टला त्याच दिवशी कळवायचं. तासाभरात येऊन गेलं, गार झाल्यावर उतरलं, तर ते बहुतेक जुनंच. मधल्या परिस्थितीत आधी थर्मामीटर लावा आणि लघवीची तपासणी करा, रुटीन आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखायची) दोन्ही. लघवीतला संसर्ग जळजळ न होताही पाय लुळे पाडू शकतो. तो न तपासता स्टेरॉइड सुरू झालं तर संसर्गच वाढतो. नमुना देताना सुरुवातीची धार सोडून मधली धरायची, नाहीतर अहवाल फसवतो.

सांगलीत एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि एमएसला उन्हाळ्याइतका त्रास क्वचितच कशाचा होत असेल. शरीराचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी आवरण गेलेल्या नसेतून संदेश नीट जात नाही. व्यायामानंतर नजर अंधुक होते हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवलं, त्यांच्याच नावानं हा प्रकार ओळखला जातो. यानं नस नव्यानं खराब होत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा, म्हणजे घाबरगुंडी उडत नाही.

उपाय साधे आहेत, पण वेळेवर करायचे. बाहेर पडायच्या किंवा व्यायामाच्या आधी माठातलं गार पाणी ग्लासभर प्या. ओला पंचा पिळून मानेभोवती आणि मनगटांवर दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका, बधिर कातडीला भाजल्यासारखी इजा होते आणि ती कळतही नाही. वाळ्याचा कूलर कोरड्या हवेत चालतो, तोही खिडकी उघडी ठेवूनच. पाऊस सुरू झाला की तो खोलीत नुसता दमटपणा वाढवतो, तेव्हा पंखाच बरा. हिवाळ्यात बंबाच्या कढत पाण्यानं अंघोळ केल्यावर उभं राहवत नाही, त्याचंही कारण हेच. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि तापमान पायानं नव्हे, बधिर नसलेल्या हाताच्या कोपरानं पाहायचं. बाथरूममध्ये प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा.

स्वयंपाकात सगळ्यात महाग पडते ती भाकरी. तव्यासमोर उभं राहणं, पीठ मळण्याची मेहनत आणि आच, तिन्ही एकदम. उंच स्टुलावर बसून थापा, सकाळी सातच्या आत उरका, आणि मळण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या. गॅससमोर पंखा लावता येत नाही म्हणून दोन भाकऱ्यांनंतर पाच मिनिटं बाहेर बसा.

एमएसचा थकवा झोपून न जाणारा असतो, पण सगळा थकवा एमएसचाच असतो असंही नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. रात्री तीनदा लघवीला उठावं लागत असेल तर मूळ तिथंच आहे. दमल्यावर पडण्यापेक्षा दमण्याआधी पंधरा-वीस मिनिटं आडवं व्हा, घड्याळ लावून. चालायलाही हाच नियम: आमराईत सकाळी जाताय तर आठ मिनिटं पुढे जा आणि पाय चांगले असले तरी वळा, कारण परतीचं अंतरही पायांनाच कापायचं असतं. झेपेल तसं वाढवत आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालणं आणि दोनदा ताकदीचे हलके व्यायाम, एवढं गाठलं तरी खूप.

पोटरी आणि मांडीमागच्या स्नायूंचा ताण रोज दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी तीस सेकंद धरून, झटके न देता. आखडणं जास्त असेल तर डॉक्टर बॅक्लोफेन हे स्नायू सैल करणारं औषध देतात, लहान डोसपासून हळूहळू वाढवत. डोस जास्त झाला तर पाय लटपटतात, कारण कित्येकांना तो आखडलेला स्नायूच उभं राहायला मदत करत असतो. असं झालं तर डोस कमी करण्याबद्दल विचारा, मनानं एकदम बंद मात्र कधीही करू नका: भास आणि फिट्स येऊ शकतात. जत्रेला, लग्नाला गावी जाताना गोळ्यांची पट्टी संपत आली नाही ना, हे आधी पाहा. पाऊल लोंबत असेल तर मोकळी कोल्हापुरी सोडा, मागून पट्टा असलेली सँडल वापरा आणि फिजिओथेरपिस्टला घोट्याच्या स्प्लिंटबद्दल विचारा.

लघवीची अडचण लाजेनं लपवली जाते आणि तिथंच चूक होते. एसटीत, लग्नाच्या मांडवात सोय नसते म्हणून लोक पाणीच तोडतात. मग लघवी दाट होते, मूत्राशय आणखी चिडतं आणि संसर्ग होतो. दिवसभरात दीड ते दोन लिटर प्या, झोपण्याआधी दोन तास थांबा, चहा दोन कपांवर आणा. दर दोन-तीन तासांनी घड्याळावर जा. झाल्यावर उठू नका: मिनिटभर थांबा, पुढे वाका आणि पुन्हा प्रयत्न करा. लघवीनंतरच्या सोनोग्राफीत १०० मिलीलिटरहून जास्त उरत असेल तर यूरोलॉजिस्टला दाखवा. स्वतः कॅथेटर घालायला शिकणं ऐकायला भयंकर वाटतं, पण रात्रीची झोप त्यानंच परत मिळते.

मन खचणं हेही आजाराचंच लक्षण असू शकतं. दोन आठवडे उदास वाटत असेल तर तेही न्यूरोलॉजिस्टला सांगा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. त्याच्या तपासणीला जाताना एमआरआय, डिस्चार्ज कार्ड आणि महिनाभराची नोंदवही न्या: कोणत्या वेळी, किती अंतरावर पाय थांबला. तपासणी सकाळी गारव्यात झाली तर त्रास निम्मा दिसतो, तेव्हा दुपारी काय होतं ते शब्दांत सांगावं लागतं.

आणि पावसाळा. २०१९ आणि २०२१ चा पूर सांगलीकर विसरलेले नाहीत. फ्रिजमधल्या इंटरफेरॉनसारख्या, एमएसचे अटॅक कमी करणाऱ्या इंजेक्शनना २ ते ८ अंश लागतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की वीज जायची वाट पाहू नका. थर्मासचा डबा, बर्फाच्या पिशव्या आणि मध्ये टॉवेलची घडी ठेवा, म्हणजे इंजेक्शन गोठणार नाही. गोठलेलं इंजेक्शन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. सोबत महिन्याच्या गोळ्या, प्रिस्क्रिप्शनची प्रत आणि एमआरआयची सीडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्या, आणि वरच्या भागातल्या नातेवाइकांकडे फ्रिजमध्ये जागा आहे का, हे जूनमध्येच विचारून ठेवा.