दोन तासांत डीएनए: यंत्र बसवण्याआधी काय करायचं आणि बसवल्यावर काय

वेगवान डीएनए यंत्र घ्यायचं ठरलं की अधिकारी मला पहिला प्रश्न विचारतात, "मॅडम, कुठलं घ्यायचं?" मी त्यांच्याकडे गेल्या वर्षीच्या दहा प्रकरणांच्या फायली मागते. एकोणीस वर्षं मी प्रयोगशाळेत डीएनए तपासले. आता पोलिसांच्या जागेत ही यंत्रं बसवून देणं आणि माणसं तयार करणं हे माझं काम आहे. तुम्हीही सुरुवात फायलींपासूनच करा.

प्रत्येक फायलीतून सात तारखा वहीत उतरवा: नमुना कधी घेतला, सील कधी झाला, ठाण्यातून कधी निघाला, प्रयोगशाळेत कधी पोचला, काम कधी सुरू झालं, अहवालावर सही कधी झाली आणि तपास अधिकाऱ्याच्या हातात तो कधी पडला. नेहमीच्या पद्धतीनेही टेबलावरचं काम एक-दोन दिवसांचंच असतं. बाकीचे आठवडे रांगेत आणि वाटेत जातात. एका ठिकाणी सही झालेला अहवाल नऊ दिवस टपालाच्या ट्रेमध्ये पडून होता, आणि तिकडे तपास अधिकारी रोज फोन करून "काम कधी सुरू करताय?" म्हणून विचारत होता. ते नऊ दिवस कुठल्याही यंत्राने वाचले नसते. नमुने रांगेत अडकत असतील तर यंत्राचा उपयोग आहे. वाटेत अडकत असतील तर आधी वाट दुरुस्त करा, तिला पैसेही कमी लागतात.

यंत्र आत काय करतं ते थोडक्यात सांगते. गालाच्या आतून फिरवलेला स्वॅब, म्हणजे कापूस लावलेली काडी, यंत्राच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे रसायनं भरलेल्या बंद डब्यात, घातला की पेशी फोडणं, डीएनए शुद्ध करणं, डीएनएवरच्या ठरावीक जागांच्या लाखो प्रती काढणं, लांबीप्रमाणे तुकडे वेगळे करणं आणि लेसरने ते वाचणं हे सगळं त्यातच होतं. दीड-दोन तासांत प्रोफाइल, म्हणजे त्या जागांच्या आकड्यांची यादी, हातात येतं. पण प्रयोगशाळेत आम्ही जी एक पायरी कधी चुकवत नाही ती यात सहसा नसते, ती म्हणजे डीएनए किती आहे ते आधी मोजणं. आम्ही मोजतो, कमी असेल तर बेत बदलतो, थोडा राखून ठेवतो. यंत्राला ते कळत नाही. शिवाय आत गेलेला स्वॅब बहुधा संपूनच जातो. पुढचे बरेचसे नियम या दोन गोष्टींतूनच आले आहेत.

कुठले नमुने यंत्रात, कुठले प्रयोगशाळेत

पहिले सहा महिने फक्त गालाचे स्वॅब चालवा: अटक केलेल्यांचे, संशयितांचे, बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांचे. यात डीएनए भरपूर असतो, एकाच माणसाचा असतो आणि नापास झाला तर पुन्हा घेता येतो. हात बसला की डोळ्यांना दिसणारा रक्ताचा डाग घ्या. घटनास्थळाच्या नमुन्यांसाठी कार्ट्रिज वेगळी असते. ती आणि गालाच्या स्वॅबची कार्ट्रिज एकाच कपाटात शेजारी ठेवू नका. रात्रीच्या पाळीत चुकीची उचलली जाते, हे मी पाहिलं आहे.

दाराच्या मुठीवरचा, चाकूच्या दांड्यावरचा स्पर्शाचा डीएनए यंत्रात घालू नका. तो फार थोडा असतो आणि बहुधा दोन-तीन जणांचा मिसळलेला असतो. लैंगिक अत्याचाराचे नमुने तर थेट प्रयोगशाळेतच पाठवा. तिथे शुक्रपेशी आणि पीडितेच्या पेशी आधी रसायनाने वेगळ्या कराव्या लागतात, आणि बहुतेक यंत्रांत ती सोय नसते. घाईत असा स्वॅब संपवला तर तो परत मिळत नाही आणि त्या बाईला पुन्हा तपासणीच्या टेबलावर झोपवता येत नाही. यावर मी कधीच तडजोड केलेली नाही.

मोठ्या दुर्घटनेत मात्र हे यंत्र फार मोलाचं ठरतं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात 'कॅम्प फायर' नावाचा वणवा लागला. त्यात ८५ माणसं गेली. बहुतेकांचे चेहरे, बोटांचे ठसे काही उरलं नव्हतं. वेगवान यंत्रं तिथे नेऊन अवशेषांची प्रोफाइल काढली, नातेवाइकांच्या स्वॅबशी ताडून पाहिली आणि बहुतेकांची ओळख त्यातून पटली. अशा कामाची तयारी करताना यंत्राइतकाच नातेवाइकांच्या कक्षाचा विचार करा. आईवडिलांचा किंवा मुलांचा स्वॅब सर्वांत उपयोगी पडतो. तो घेणारा माणूस शांत हवा आणि त्याच्याकडे वेळ हवा.

दुसरा स्वॅब

घटनास्थळाचा नमुना यंत्रात घालायचा तर आधी प्रयोगशाळेचा वाटा काढून सील करायचा, हा नियम भिंतीवर लिहा. करायचं ते असं. वाळलेल्या डागाच्या मधून मनातल्या मनात एक रेघ ओढा. पहिला स्वॅब निर्जंतुक पाण्याच्या एका थेंबाने जेमतेम ओला करा आणि अर्ध्या भागावर हलका दाब देत गोल गोल फिरवा, म्हणजे कापसाची सगळी बाजू वापरली जाईल. हा प्रयोगशाळेचा. हातमोजे बदला. दुसरा स्वॅब तसाच उरलेल्या अर्ध्यावर. हा यंत्राचा. डाग वाटण्याइतका मोठा नसेल तर यंत्राचा विचार सोडा, सगळा प्रयोगशाळेत जाऊ द्या.

प्रयोगशाळेचा स्वॅब स्टँडवर उभा करून वाळू द्या. उन्हात नको, पंख्याखाली नको, हेअर ड्रायरने तर नकोच. पूर्ण वाळल्यावर कागदी पाकिटात घाला. एकदा गडबडीत ओले स्वॅब प्लॅस्टिकच्या पिशवीत आले होते. पिशवीच्या आत बाष्प जमलं होतं आणि एका कापसावर करडी बुरशी धरली होती. यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे ज्यात शिखरांसारखे दिसतात त्या आलेखात सुरुवातीची लहान तुकड्यांची शिखरं उंच होती, पुढे उतरत गेली आणि शेवटी सपाट रेघ. डीएनए कुजला की असंच दिसतं. निम्मं प्रोफाइल मिळालं, आणि तेवढ्यावर कोर्टात फार काही सांगता आलं नाही.

विक्रेत्याचं प्रात्यक्षिक पुरेसं नाही

प्रात्यक्षिकाला नेहमी स्वच्छ, ताजा गालाचा स्वॅब असतो. तुम्ही तुमची चाचणी घ्या. ज्यांचं प्रोफाइल प्रयोगशाळेने आधी काढलं आहे अशा माणसांचे स्वॅब चालवा आणि एकेक आकडा ताडून पाहा. एकाच माणसाचे स्वॅब वेगवेगळ्या दिवशी चालवा. नमुना, मग कोरा स्वॅब, मग नमुना, मग कोरा असं आलटून पालटून घाला. कोऱ्यात काहीही दिसलं तर थांबा. मग मुद्दाम अवघड द्या: जीन्सवरचं रक्त, मातीत पडलेलं रक्त. जीन्सची निळ आणि मातीतली आम्लं प्रती काढण्याची क्रिया अडवतात. यंत्र कुठे हरतं ते तुमच्याच वहीत लिहिलेलं असू द्या. कोर्टात तोच प्रश्न येणार आहे.

प्रोफाइल तुमच्या डेटाबेसमध्ये बसतं का, हेही करार करण्याआधीच पाहा. अमेरिकेच्या 'कोडिस' या डीएनए डेटाबेसमध्ये २०१७ पासून २० मूळ जागा लागतात, युरोपातला संच वेगळा आहे. यंत्र ज्या जागा वाचतं त्यात तुमच्या सगळ्या आहेत ना, एवढंच विचारायचं. पण लेखी विचारा.

स्वॅब, खोली, माणसं

जर्मनीत २००७ साली हाइलब्रॉनमध्ये एका पोलीस कर्मचारी महिलेचा खून झाला. तिथे मिळालेला एका अनोळखी बाईचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या डझनावारी गुन्ह्यांत सापडत गेला. पोलिसांनी तिचा किती शोध घेतला! २००९ मध्ये कळलं की तो डीएनए स्वॅब पॅक करणाऱ्या कामगार बाईचा होता. स्वॅब निर्जंतुक होते, पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. जंतू मरतात, डीएनए राहतो. २०१६ पासून यासाठी आयएसओ १८३८५ हे मानक आहे. स्वॅब, नळ्या, हातमोजे घेताना पाकिटावर तो क्रमांक शोधा. स्वॅब घेणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या आणि खोली झाडणाऱ्या सगळ्यांची प्रोफाइल त्यांच्या लेखी संमतीने वेगळ्या यादीत ठेवा, म्हणजे आपलाच माणूस 'अनोळखी आरोपी' ठरणार नाही.

खोली बंद दाराची हवी आणि तिथे संशयिताला आणायचं नाही. ज्याने घटनास्थळाचा नमुना गोळा केला त्याने त्याच दिवशी यंत्राला हात लावायचा नाही. वीस जणांना एका दिवसात शिकवू नका. चौघांना नीट तयार करा आणि दर काही महिन्यांनी त्यांना नाव नसलेले नमुने देऊन परीक्षा घ्या. सॉफ्टवेअरने प्रोफाइल स्वीकारलं नाही तर ठाण्यातल्या कुणीही शिखरं 'वाचायला' बसू नये. फाइल प्रयोगशाळेतल्या विश्लेषकाकडे जाईल, बस.

कायदा आणि अहवालातली भाषा

स्वॅब कुणाकडून, कुठल्या अधिकाराने घ्यायचा आणि कधी नष्ट करायचा हे पहिला स्वॅब घेण्याआधी कागदावर हवं. २००८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध निकाल दिला की दोषी न ठरलेल्यांचे डीएनए सरसकट, अनिश्चित काळ ठेवणं खासगीपणाचा भंग आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यात अटक झालेल्यांचा गालाचा स्वॅब घ्यायला मान्यता दिली. तुमच्याकडची रेघ कुठे आहे ते वकिलाकडून लिहून घ्या आणि नष्ट करण्याची तारीख पाकिटावरच छापा.

आणि अहवालात 'हा तिथे होता' असं कधी लिहू नका. डीएनए कुणाचा असू शकतो एवढंच यंत्र सांगतं. तो तिथे कधी, कसा आला ते सांगत नाही. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात खून झालेल्या माणसाच्या नखांत एकाचा डीएनए सापडला आणि तो काही महिने तुरुंगात राहिला. खुनाच्या रात्री तो दारूच्या नशेत रुग्णालयात भरती होता. आधी त्याला आणि नंतर खुनाच्या जागी ज्यांनी मदत केली ते रुग्णवाहिकेचे कर्मचारी एकच होते. निकाल दोन तासांत आला म्हणून त्यावर विचारही दोन मिनिटांत उरकायचा नसतो.

शेवटची गोष्ट फॉर्मची. डीएनएचा तपासात पहिल्यांदा उपयोग झाला १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये, ॲलेक जेफ्रीज यांच्या पद्धतीने, आणि त्यातून पहिल्यांदा सुटला तो गुन्हा कबूल करून बसलेला एक निर्दोष तरुण. खरा गुन्हेगार नंतर सापडला. हे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते, कारण एका ठिकाणी माझ्याच देखरेखीखाली उलटं घडलं. रात्री पावणेबाराला यंत्राने 'जुळत नाही' असा निकाल दिला. आमच्या फॉर्मवर 'जुळला तर कळवावे' यापुढे अधिकाऱ्याचं नाव आणि फोन होता. 'जुळला नाही तर' ही ओळच नव्हती. ड्यूटीवरच्या मुलाने निकाल नीट फाइलला लावला आणि तो घरी गेला. ज्याचा स्वॅब होता तो माणूस सकाळी दहापर्यंत कोठडीत बसून होता. फॉर्म मी बनवला होता.

आता 'जुळला नाही' ही ओळ सर्वांत वर असते. तिच्यापुढे दोन अधिकाऱ्यांचे फोन, फोन केल्याची वेळ आणि उचलणाऱ्याचं नाव लिहायची जागा आहे. एका तासात ती भरली नाही तर यंत्र चालवणाऱ्याने थेट वरिष्ठांना उठवायचं, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.