रात्रभर खडखडणारं झाकण

गाडी गेली की गटाराचं झाकण 'खडाड्-खट्' वाजतं? तक्रारीआधी दिवसा खाली जाऊन झाकणावरची अक्षरं वाचा. सांडपाण्याचं, पावसाळी गटाराचं, टेलिफोनचं की विजेचं, हे बहुतेकदा तिथेच कळतं. चुकीच्या दारी गेलेला अर्ज नुसता फिरत राहतो. गटाराचं असेल तर महापालिकेकडे जा: ठाणे शहरात प्रभाग समिती, नवी मुंबईत विभाग कार्यालय. सोसायटीच्या कुंपणाच्या आतलं मात्र सोसायटीनेच बघायचं.

'आवाज येतो' एवढंच लिहू नका. त्याला कुणी विचारत नाही. 'झाकण डुगडुगतं, दुचाकी घसरेल' असं लिहा, सोबत फोटो आणि चाक जातानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ जोडा. जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक टाकलात तर माणूस नेमका तिथेच पोहोचतो. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

दुरुस्तीला आल्यावर नुसतं सिमेंट थापू देऊ नका. दोष बहुधा चौकटीत असतो: बैठक झिजलेली किंवा खालचं काँक्रीट सुटलेलं. वाहतुकीच्या रस्त्यावर 'एचडी-२०' म्हणजे २० टन भाराला तपासलेलं झाकण तरी हवंच. आणि ताजं काँक्रीट सुकेपर्यंत बॅरिकेड मागून घ्या, नाहीतर पहिलाच टँकर सगळं उखडतो.

स्वतः झाकण उचलून खाली टायरचा तुकडा सरकवायचा मोह होतो. नको, आत विषारी वायू असू शकतो.