कारागिराच्या घरातली जुनी कागदं आणि फोटो पुढच्या पिढीपर्यंत कसे न्यायचे

आमचं घर सुताराचं, भिलवडीत, कृष्णेच्या जवळच. २०१९ च्या पुरात आठवडाभर पाणी घरात होतं. घरच्यांनी जे जे जपून ठेवलं होतं ते सगळं खालच्या कपाटात, लग्नाचे अल्बम, आजोबांच्या सत्काराचा फोटो, सर्टिफिकिटं, ते सगळं बुडालं. आणि माळ्यावर पोत्यात कोंबलेल्या, रद्दीवाल्याला द्यायच्या राहून गेलेल्या पणजोबांच्या वह्या कोरड्याठाक राहिल्या.

त्या वह्या मी पूर उतरल्यावर पहिल्यांदा उघडल्या. कुणाच्या गाडीचं चाक आलं, तुंबा म्हणजे चाकाचा मधला गोळा नवा केला का, आरे किती बदलले, पैसे रोख का ज्वारी, ज्वारी असेल तर किती पायल्या, बाकी किती. एका पानावर शिसपेन्सिलीने चाक काढलंय आणि बाजूला सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, मापं लिहिलीत, आणि वहीच्या शिवणीत अजून लाकडाचा भुसा अडकलाय. अल्बममध्ये पणजोबा फेटा बांधून खुर्चीत बसलेले दिसायचे, ते काम काय करायचे कसं करायचे हे मात्र या वहीतच आहे. याच्या आधी अशी दोन पोती आम्ही रद्दीत घातली होती, ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते. सुतार, लोहार, तांबट, सोनार, कासार, मिरजेतले सतार-तंबोरे करणारे, कुणाचंही घर असू दे, फ्रेममधलं सर्टिफिकेट कोणी टाकत नाही, ते राहतंच. जातात ती हिशोबाची वही, बिलबुकं, गिऱ्हाइकांची पोस्टकार्डं, मापांचे पुठ्ठे, साचे, लाकूडवाल्याच्या पावत्या. मिरजेत भोपळा पंढरपूरकडनं यायचा हे सगळ्यांना माहीत असतंय, पण कोणत्या साली कुणाकडनं किती भोपळे आले आणि भाव काय दिला हे फक्त त्या घरातल्या वहीत सापडणार. तेव्हा घर आवरताना, रंग देताना, वाटण्या होताना ही कागदं आधी बाजूला काढा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की या पोत्याला हात लावायचा नाही.

माझा आतेभाऊ जर्मनीत कामाला आहे, त्याचे घरमालक पिढीजात सुतार. त्यांच्याकडे जुन्या काळी शिकाऊ पोरगा उस्तादाकडं शिकून तयार झाला की काही वर्षं गावोगाव फिरून काम करायचा, तीन वर्षं आणि एक दिवस अशी ती रीत, अजूनही काही पोरं काळे कॉर्डरॉयचे कपडे घालून तशी फिरतात. १९ व्या शतकात अशा कारागिराकडे व्हांडरबुख नावाची छोटी वही असायची, ज्या गावात जाईल तिथला शिक्का त्यात बसायचा, आणि पुढे उस्ताद झाल्यावर मिळणारं सर्टिफिकेट म्हणजे माइस्टरब्रीफ. घरमालकांच्या भिंतीवर माइस्टरब्रीफ आहे, पण त्यांचा जीव आहे तो त्या शिक्क्यांच्या वहीत. आणि त्यांच्या पणजोबांची पत्रं त्यांना स्वतःला वाचता येत नाहीत, कारण ती कुरेंट नावाच्या जुन्या वळणाच्या लिपीत आहेत आणि ते वळण १९४१ मध्ये शाळांतून बंद झालं. भावाने हे सांगितलं तेव्हा मला आपली मोडी आठवली. १९५० च्या आसपासपर्यंत आपल्याकडे लोक मोडीत लिहायचे, आणि आता घरात मोडीचा कागद निघाला तर वाचायला कोणी नाही. तर मोडी कागद वाचता येत नाही म्हणून बिनकामाचा समजू नका, तो वेगळा ठेवा, चांगला फोटो काढून मोडी जाणणाऱ्याला दाखवा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं, कोल्हापुरात सरकारी पुराभिलेखागार आहे, तिथे मोडीच्या वाचकांची चौकशी करता येते. पण अस्सल कागद कुणाच्या हातात देऊन घरी येऊ नका.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात स्कॅनरपासून करू नका, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून करा. कागद आणखी वर्षभर थांबेल, आजी थांबेलच असं नाही. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा, फोटो एकेक करून हातात द्या आणि नुसतं हे कोण असं विचारू नका, हे कुठलं अंगण, मागचं हत्यार कशाचं, हा फोटो काढायला कोण आलेलं असं विचारा, मग माणूस खुलतो. माझ्या आजीला एका फोटोतल्या बाईचं नाव विचारलं तर म्हणाली शंकऱ्याची आई. नाव काय गं आजी, तर बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, चंपा. कारागिराच्या घरातल्या बायकांची नावं वहीत कधीच नसतात, पॉलिश घासायला, दोरी धरायला, गिऱ्हाइकाला पाणी द्यायला त्याच असायच्या, तेव्हा हे मुद्दाम विचारून घ्या. नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, टेबलावर पालथा ठेवून, कडेला, अगदी हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याची रेघ पुढच्या बाजूला उमटते आणि शाईसुद्धा दुसऱ्या फोटोला लागते. नवीन गुळगुळीत फोटोवर पेन्सिल उमटत नाही, मग वेगळ्या कागदावर नंबर टाकून लिहा.

साल माहीत नसेल तर कागदच सांगतो. हिशोब आण्यात असेल तर तो बहुतेक १९५७ च्या आधीचा, कारण १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. आपल्या भागाला तर आणखी एक सोपी खूण आहे, लेटरहेडवर किंवा शिक्क्यावर जिल्हा दक्षिण सातारा असेल तर तो कागद १९४९ ते १९६० मधला, कारण आपला सांगली जिल्हा त्या काळात त्याच नावाने होता. शके दिलं असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, शक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. आम्ही एक बिल याच दक्षिण साताऱ्यावरून ओळखलं, त्याच्यावर तारखेच्या जागी नुसती तिथी होती.

मग साफसफाई आणि ठेवणं. टाचण्या, स्टेपल आणि रबरबँड काढा, लोखंड गंजतं आणि रबर वितळून कागदाला चिकटतं. मऊ ब्रशने आतून बाहेर धूळ झाडा, ओलं फडकं लावू नका. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी कधीच नाही, थोड्या वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा गोंद कागदात उतरतो, तो परत निघत नाही. लॅमिनेशन तर अजिबात नको, लोक प्रेमाने करतात आणि कागद कायमचा प्लास्टिकमध्ये अडकतो. चिकट पानांचे अल्बम, ज्यावर पारदर्शक कागद दाबून बसतो, त्यातले फोटो आधी जसेच्या तसे स्कॅन करा, मग सुटत असतील तर हळू सोडवा, सुटत नसतील तर ओढू नका. काचेला चिकटलेला फोटोही ओढू नका, काचेसकटच त्याचा फोटो काढून घ्या. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती खराब व्हायला लागलीय, ती बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि आधी तीच स्कॅन करा.

ठेवायला आम्ही पत्र्याची ट्रंक घेतली, आतून गंज नाही ना बघून, आणि गठ्ठे मांजरपाटाच्या कापडात बांधले, नीळ आणि खळ काढून दोनदा धुतलेल्या. जुनी दफ्तरं रुमालात बांधायचे ते उगीच नाही, कापडातून हवा खेळते. रंगीत कापड नको, ओल लागली की रंग उतरतो. पीव्हीसीचे प्लास्टिकचे फोल्डर फोटोंना चिकटतात, पॉलिएस्टरचे पाऊच किंवा ॲसिड-फ्री कागद ऑनलाइन मिळतो, परवडला तर फोटोंसाठी तेवढा घ्या. कडुलिंबाचा पाला टाकायचा तर पूर्ण वाळलेला, ओला पाला स्वतःच ओल सोडतो. डांबरगोळ्या कागदाला आणि फोटोला लागतील अशा ठेवू नका. ट्रंक भिंतीला टेकवू नका, वाळवी भिंतीतूनच येते. आणि नदीकाठच्या लोकांनो, ट्रंक तळमजल्यावर नको. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ नदीच्या पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेलेली, ते डोक्यात ठेवूनच जागा ठरवा. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात कागद भाजून निघतो, तेव्हा वरच्या मजल्यावरची मधली खोली बरी.

भिजलंच तर काय, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही ओले अल्बम घाईघाईने उन्हात ठेवले, फोटो एकमेकांना चिकटून वाळले आणि सोडवताना चेहऱ्यांची पापुद्र्यासारखी साल निघाली. ४२ फोटोंतले १७ वाचले. वाचले ते कोणते, तर जे माझ्या आत्तीने वाळायच्या आत स्वच्छ गार पाण्याच्या परातीत सोडले होते. म्हणजे करायचं असं, ओले फोटो वाळू द्यायचे नाहीत, गार स्वच्छ पाण्यात ठेवून एकेक अलगद सुटा करायचा, चिखल पाण्यातच हलवून काढायचा, बोटाने चोळायचा नाही, मग चेहरा वर करून साध्या कापडावर सावलीत पंख्याखाली वाळवायचा. साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते, तेवढ्यात सगळं उरकणार नसेल तर मध्ये बटर पेपर घालून पिशवीत भरून सरळ डीप फ्रीजरमध्ये टाकायचं आणि नंतर थोडं थोडं काढून करायचं. गावात लाइट नसते तेव्हा पाणी न आलेल्या गावातल्या पाहुण्यांकडे न्यायचं, आमच्यासाठी ते विटा होतं. वह्या आणि पत्रं मात्र पाण्यात घालू नका, निळी शाई पसरते, आणि जुन्या कॉपिंग पेन्सिलीचं लिखाण ओलं झालं की जांभळं होऊन वाहतं. वही उभी करून पानं थोडी उघडून वाळवा, मध्ये साधा कोरा कागद घाला आणि तो बदलत राहा. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते.

स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला किती ठिपके, ते स्कॅनरच्या सेटिंगमध्ये असतं) करा, लहान पासपोर्ट फोटो असेल तर त्याहून जास्त, वह्यांना ३०० पुरतं. मागची बाजूही घ्या, स्टुडिओचा शिक्का तिथंच असतो. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, फ्लॅश न मारता, मोबाईल सरळ वर धरून काढा. फाईलच्या नावात साल, माणूस, गाव टाका, नाहीतर पाच वर्षांनी हजार फोटोंत तुम्हीच हरवाल. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधं पाठवलं की फोटोचा दर्जा जातो. तीन कॉप्या ठेवा, त्यातली एक नदीपासून लांब दुसऱ्या गावातल्या माणसाकडे, आणि हार्डडिस्क वर्षातून एकदा तरी लावून उघडून बघा.

शेवटी वाटणीचा प्रश्न. भावाभावांत अस्सल कागद वाटून घेऊ नका, वही फाडून अर्धी तुला अर्धी मला असं खरंच होतं. एकाच्या घरी ट्रंक, बाकी सगळ्यांना पूर्ण स्कॅन, आणि ट्रंक कुणाकडे हे सगळ्यांसमोर कागदावर लिहून सह्या. जमिनीची आणि घराची कागदं यात मिसळू नका, त्यांची पिशवी वेगळी, नाहीतर कोर्टाच्या गडबडीत सगळीच ट्रंक कोणीतरी घेऊन जातं. आणि ट्रंकेत काय काय आहे त्याची हाताने लिहिलेली यादी एका कापडी पिशवीत घालून कडीला बांधून टाका, खाली एका ओळीत आता ट्रंक सांभाळणाऱ्याचं नाव, आणि त्याच्यानंतर कोण सांभाळणार त्याचंही. आमच्या यादीत दुसरं नाव माझ्या भाचीचं आहे, ती आत्ता नववीत आहे आणि वहीतलं ते चाकाचं पान तिनंच स्कॅन केलंय.