पिस्तुलावर रिफ्लेक्स साइट लावताय? या चुका टाळा

इंदूरच्या रेंजवर मी शिकवतो. नवी रिफ्लेक्स साइट (छोट्या काचेत उजळ ठिपका, म्हणजे डॉट, दाखवणारं नेमाचं उपकरण) हातात आली की पहिलं मॅगझिन संपायच्या आत तक्रार येते, "सर, डॉट दिसतच नाही." ९ मिमी पिस्तूल आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे डॉटवालं कॉम्पॅक्ट सेमी-ऑटो दिसतं ते पोलिस आणि सुरक्षा दलांतल्या मंडळींकडे. बाकीची मुलं एअर पिस्तुलावर साइट चढवतात. चुका दोघांच्या त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डॉट शोधणं. पिस्तूल वर आणायचं आणि मग काचेत डॉट हुडकत मनगट हलवत बसायचं. लोकमान्यनगरातला एक तरुण अंगरक्षकाची ड्यूटी करतो. साध्या साइटवर, म्हणजे पिस्तुलावरच्या खाच-खुंटीवर, त्याचा नेम उत्तम. डॉटचं पिस्तूल मिळालं आणि पहिली गोळी सुटायलाच उशीर होऊ लागला. त्याचं म्हणणं, काच लहान आहे, मोठी साइट हवी. दोष काचेत नव्हताच. कॉम्पॅक्टच्या आखूड मुठीवर त्याची करंगळी टेकत नव्हती आणि नळीचं तोंड दर वेळी वर राहत होतं. साध्या साइटमध्ये पुढची साइट उंच दिसते आणि हात आपोआप खाली येतो. डॉट काचेबाहेर गेला की काहीच दिसत नाही.

मी काचेच्या पुढच्या बाजूला अपारदर्शक टेप लावली आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून फक्त टार्गेटकडे बघायला सांगितलं. एक डोळा टार्गेट बघतो, दुसरा डॉट, आणि मेंदू दोन्ही जुळवतो. डॉटकडे टक लावली तर नुसती टेप दिसते, म्हणजे चूक जागच्या जागी कळते. मग रोज घरी कोरा सराव, म्हणजे गोळीशिवाय नेम धरणं: मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत, समोर पक्की भिंत. हा सराव कंटाळवाणा आहे. तो टाळून नवी साइट मागणाऱ्यांना मी शिकवत नाही.

दुसरी चूक स्क्रूची. एकाचा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) हळूहळू उजवीकडे सरकत होता आणि तो दर वेळी साइटवरच्या नेम जुळवायच्या स्क्रूचे क्लिक फिरवून परत आणत होता. साइट बोटाने हलवून पाहिली तर डुगडुगत होती. प्रत्येक गोळीला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे-पुढे आपटते आणि साइट तिच्यावरच बसलेली असते, हे लोक विसरतात. माझी पद्धत: आट्यांवरचं तेल स्पिरिटने पुसायचं, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) बारीक थेंब, टॉर्क स्क्रूड्रायव्हरने पत्रकातल्या आकड्याइतकंच आवळायचं आणि रात्रभर ठेवायचं. मग स्क्रूच्या डोक्यावरून साइटवर नेलपॉलिशची रेघ. रेघ तुटलेली दिसली की गोळी नाही. स्क्रू साइटसोबत आलेलेच वापरा. ग्लॉक पिस्तुलावर उजवा स्क्रू लांब पडला तर एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर खेचणाऱ्या आकड्याच्या) भागावर दाबतो, पुंगळी अडकते आणि दोष गोळ्यांवर जातो.

झीरो करताना, म्हणजे डॉट आणि गोळी एका जागी जुळवताना, घाई नको. बऱ्याच साइटमध्ये एक क्लिक म्हणजे १ एमओए (अंशाचा साठावा भाग), १० मीटरवर जेमतेम ३ मिमी. पाच गोळ्यांचा ग्रुप बघा, मग हात लावा. एकेका गोळीमागे क्लिक फिरवणाऱ्याला आपला ट्रिगरचा झटका कधीच सापडत नाही.

डॉट चांदणीसारखा फाटलेला दिसतो? उजेड कमी करा. तरीही फाटलेलाच असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. तिथे गोल दिसला तर डोळे तपासून घ्या.

ज्या मुलांना स्पर्धेत उतरायचंय त्यांनी डॉटच्या नादी लागू नये. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या १० मीटर एअर पिस्तुलात फक्त उघड्या, म्हणजे साध्या, साइट चालतात. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमधल्या विजय कुमारांनी २०१२ला लंडनमध्ये २५ मीटर रॅपिड फायरचं रौप्य मिळवलं तेही उघड्या साइटवरच.

बॅटरी संपेपर्यंत थांबू नका. राजवाड्यावर रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) निघाली की मी सगळ्यांना सीआर२०३२ बदलायला लावतो. पावसाळ्यात उघड्या एमिटरवर (डॉटचा प्रकाश सोडणाऱ्या दिव्यावर) एक थेंब बसला तरी डॉट विखुरतो, तेव्हा खिशात कोरडं मायक्रोफायबर ठेवा. शर्टाच्या टोकाने काच पुसू नका, धुळीने तिच्यावरचा लेप ओरखडतो.