ड्रोन दिसला म्हणण्याआधी: वस्तीवरच्या कॅमेऱ्यांची तयारी

सगळ्यात आधी एक वही घ्या आणि गावात, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ड्रोन कुणाकुणाकडे आहे ते लिहून काढा. लग्नाचं शूटिंग करणारे, डाळिंबावर-उसावर फवारणी करून देणारे, बचतगटाला मिळालेला फवारणीचा ड्रोन, मोजणीवाले. 2020 मध्ये स्वामित्व योजना आली, तेव्हापासून गावठाणाच्या मोजणीलाही ड्रोन येतो. प्रत्येकाचा मोबाइल नंबर आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक टिपून ठेवा. मी सोलापुरात सीसीटीव्ही बसवतो. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर आकाशाकडे बघणारे दोन कॅमेरे लावले, आणि ‘ड्रोन दिसला’ म्हणून रात्री येणाऱ्या कितीतरी फोनांचं उत्तर कॅमेऱ्याआधी या पानानेच दिलं.

एवढा खटाटोप कशाला, तेही सांगतो. 2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागी राहिली. आमच्याकडेही माणसं काठ्या घेऊन गच्चीवर बसायला लागली. एका रात्री फाट्यावर मोटारसायकलवरच्या दोन अनोळखी पोरांना अडवलं. एकाच्या पाठीवर मोठी सॅक होती, एवढंच कारण. सॅकमध्ये टॉवेल-चादरींचे नमुने निघाले. एका म्हाताऱ्या माणसाने मध्ये पडून आधी सॅक उघडायला लावली, म्हणून पोरं धड घरी गेली. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांचा जमावाने जीव घेतला. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. आकाशात नक्की काय होतं याचं चित्र हाताशी असावं, ते एवढ्यासाठी.

आता भिंग. इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. दुकानात हमखास मिळतो तो 2.8 एमएमच्या भिंगाचा, नळीसारखा बुलेट कॅमेरा. तो अंगणासाठी चांगला, आकाशासाठी निरुपयोगी. 4 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चित्र 2560 ठिपके (पिक्सेल) रुंद असतं. 2.8 एमएमच्या भिंगातून 100 मीटरवरचं जवळजवळ 190 मीटर रुंद आकाश त्या ठिपक्यांत बसवायचं, म्हणजे एका ठिपक्यात साधारण साडेसात सेंटिमीटर. 35 सेंटिमीटरचा ड्रोन मग चार-पाच ठिपक्यांचा दिसतो आणि 300 मीटरवर दीड ठिपका उरतो. तोच कॅमेरा 12 एमएमच्या भिंगाने घेतला तर 100 मीटरवर ड्रोन वीस ठिपक्यांचा आणि 300 मीटरवर सहा-सात ठिपक्यांचा दिसतो. काहीतरी आहे हे कळायला दोन-तीन ठिपके पुरतात, काय आहे ते कळायला दहा-पंधरा तरी लागतात. बदल्यात आकाश कमी दिसतं, जेमतेम 25 अंश. म्हणून कुठली बाजू बघायची ते आधी ठरवा. शक्य असेल तर कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे ठेवा, सूर्य सहसा भिंगात येत नाही.

कॅमेरा चढवलात की सेटिंगमध्ये जा. चित्रातली खरखर, म्हणजे नको असलेले बारीक ठिपके, कमी करणारं थ्रीडी डीएनआर अगदी खाली आणा, कारण ते लहान हलता ठिपका खरखर समजून पुसून टाकतं. जागा वाचवायला बारकावे गाळणारा स्मार्ट कोडेक बंद करा, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवला जाणारा डेटा, वाढवा. फोकस दिवसा लांबच्या टॉवरवर लावून तिथेच पक्का करा. ऑटो फोकस ठेवलात तर ढगांवर मागेपुढे होत बसतो. दिवसा शटर 1/1000 सेकंदाच्या आसपास ठेवा. रात्री कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे बंद करा. त्यांचा उजेड अंगणापुरता पोचतो, आकाशातल्या वस्तूपर्यंत जात नाही, आणि भिंगाजवळून जाणारे किडे त्यात पांढरे उजळून दिसतात.

या किड्यांनी मला दोन आठवडे फसवलं. भिंगापासून वीतभर अंतरावरून गेलेला पतंगा चित्रात लांब पांढरी रेघ काढतो. रेघ मोठी करून बघा: तिच्या कडेला ठरावीक अंतरावर गाठी दिसतात, माळेतल्या मण्यांसारख्या. त्या पंखांच्या फडफडीच्या. उघडझाप करणाऱ्या दिव्याची रेघ तुटक असते, मध्ये काळोख, पुन्हा उजेड, आणि दोन तुकड्यांमधलं अंतर सारखं. हे दोन नमुने फोटो काढून एनव्हीआरशेजारी, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीशेजारी, चिकटवा. त्यांच्याखाली विमानाचा फोटो लावा. 2025 मध्ये होटगी रस्त्याच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, म्हणून विमानांचं वेळापत्रकही तिथेच लिहून ठेवा.

दिवसाचा घोटाळा घारीचा. तिचे पंख दीड मीटरभर. सव्वाचारशे मीटरवरची घार आणि 100 मीटरवरचा ड्रोन चित्रात सारखेच रुंद दिसतात. नान्नजच्या बाजूला हिवाळ्यात माळावरून खालून तरंगत जाणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी असतात, तेही असेच फसवतात. एका कॅमेऱ्याला अंतर कळत नाही, म्हणून दुसरा लागतो. दोन्हीत 50-60 मीटर अंतर ठेवा आणि दोघांना आकाशाचा एकच तुकडा दाखवा. 60 मीटर अंतर असेल तर 300 मीटरवरची वस्तू दोन्हींतून साधारण 11 अंशांच्या फरकाने दिसते. त्या दोन दिशा जिथे छेदतात तिथे वस्तू. अंतर कळलं की आकार कळतो, आकार कळला की घार वेगळी निघते. यासाठी दोन्हींची घड्याळं जुळली पाहिजेत. सेकंदाला 25 चित्रं आणि 15 मीटर वेग असेल तर एका चित्रात ड्रोन 60 सेंटिमीटर पुढे सरकतो. रात्री दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशा जागी बॅटरी एकदा चालू-बंद करा आणि कोणत्या चित्रात उजेड आला ते ताडून बघा. दर आठवड्याला हे करा.

वीज गेल्यावर एनव्हीआर आणि कॅमेऱ्यांना वायरमधूनच वीज देणारा पीओई स्विच दोन्ही चालतील एवढा यूपीएस हवा. शेजारच्यांची गच्ची, खिडक्या चित्रात येत असतील तर तेवढा भाग प्रायव्हसी मास्कने झाका आणि झाकलेलं चित्र त्यांना नेऊन दाखवा.

मग रंगीत तालीम. ज्याच्याकडे नोंदणी झालेला ड्रोन आहे त्याला बोलवा. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा बघा. ग्रीन झोनमध्ये 400 फूट उंचीपर्यंत परवानगी लागत नाही, पण विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट आहे. ही उंची न ओलांडता त्याला कॅमेऱ्यापासून 50, 100, 200, 300 मीटर अंतरावर उडवायला सांगा. एक मिनिट जागेवर थांबवा, कारण हालचाल शोधणारं सॉफ्टवेअर थांबलेल्या वस्तूला हळूहळू आकाशाचाच भाग धरतं. सरळ कॅमेऱ्याकडे आणा. तेव्हा ठिपका सरकत नाही, फक्त वाढतो, आणि बहुतेक वेळा हुकतो. कुठे हुकला ते वहीत लिहा.

गच्चीवरच्या पोरांना दोन गोष्टी आधीच बजावा. दगड, गलोल, जॅमर यातलं काही नाही; जॅमर वापरणं गुन्हा आहे आणि डोक्यावर पडलेला ड्रोन कुणाचंही डोकं फोडतो. ग्रुपवर काही टाकायचं नाही. फोन एकालाच करायचा, वही ज्याच्याकडे आहे त्याला. तो दोन्ही कॅमेऱ्यांचं चित्र बघेल, यादीतल्या ड्रोनवाल्यांना विचारेल, तरीही उलगडा झाला नाही तर 112 ला कळवेल. मूळ फाइल आहे तशी पेनड्राइव्हवर उतरवून तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ठसा, लिहून ठेवा. रेकॉर्डिंग कोर्टात पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात ती लागते.

वहीत तारीख, वेळ, कॅमेरा, दिशा, किती सेकंद, आणि शेवटचा रकाना: काय निघालं. तो रिकामा राहिला तर सकाळी उजेडात पुन्हा रेकॉर्डिंग बघा, आणि बघायच्या आधी भिंगावरचं कोळ्याचं जाळं पुसा.