सकाळी सांगितलेलं दुपारी विसरणारा मदतनीस

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत, चालणारा एआय मदतनीस म्हणून क्लॉड कोड घ्यावं, कोडेक्स घ्यावं की जेमिनी सीएलआय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि माझ्या मते तो सगळ्यात बिनमहत्त्वाचा आहे. ही तिन्ही 2025 च्या पहिल्या सहामाहीत आली, एडर हा चौथा त्याच्याही आधीपासून, 2023 पासून आहे. चौघांची जात एकच. टर्मिनलमध्ये नाव टाइप करून सुरू करायचं, मग हा मदतनीस त्या फोल्डरमधल्या फायली वाचतो, बदलतो, कमांड चालवतो, आलेलं उत्तर पाहून पुढे काय करायचं ते ठरवतो. ऑफिसने ज्याचे पैसे भरलेत ते वापरा. तुलना करणारे व्हिडिओ बघण्यात रविवार घालवू नका.

सीडी, एलएस, ग्रेप या साध्या कमांड येतात आणि गिटमध्ये (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं अवजार) कमिट, म्हणजे बदल नोंदवून ठेवणं, जमतं, एवढं मी धरून चालते. येत नसेल तर आधी ते शिका, आणि स्वतःच्या बोटांनी टाइप करून शिका. मी बी.कॉम. आहे. टॅलीवरून एक्सेल, एक्सेलवरून पायथन अशी सरकत सरकत इथवर आले, आता पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये आहे. तू इंजिनिअर नाहीस, असं तिथे कोणी तोंडावर म्हणत नाही. मला मात्र ते अजून रोज एकदा आठवतं. तुमचंही तसं असेल तर एक सांगते, काळी खिडकी पाहून पोटात येणारा गोळा दोन-तीन आठवड्यांत जातो. खरा त्रास नंतर सुरू होतो, जेव्हा सगळं छान चालू आहे असं वाटतं तेव्हा.

माझ्याकडे आलेलं काम असं. पतसंस्थांच्या जुन्या सभासद याद्या श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात भलतीच अक्षरं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की निव्वळ कचरा. हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखंच वाचता येईल अशा अक्षरपद्धतीत, आणायचं होतं. टर्मिनलमधल्या मदतनिसाला हे काम उत्तम जमतं, कारण फायली ढीगभर, नियम ठरलेले आणि अपवाद चिवट. 'कुऱ्हाडे'मधला तो झुकलेला र घ्या. काही फायलींत तो 'ऱ' आणि हलन्त असा येतो, काहींत साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असा. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधायला गेलं की एक कुऱ्हाडे सापडतात आणि दुसरे गायब. ही भानगड मला ठाऊकच नव्हती, मदतनिसाने दाखवली. त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

आता ज्यात मी अडकले ते. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, सहन करा.

सकाळी काम सुरू करताना मी स्पष्ट लिहिलं होतं की नाव मूळ यादीत जसं आहे तसंच ठेवायचं, शुद्धलेखन सुधारायचं नाही. कारण सोपं आहे. पासबुकावर, केवायसीच्या कागदांवर 'पांडूरंग' असेल तर आमच्या यादीतही 'पांडूरंग'च हवा. त्याने ते मानलं आणि निम्मा दिवस पाळलं. त्याच खिडकीत मी पुढे त्याच्याकडून फायली वाचून घेतल्या, एरर सोडवून घेतल्या, मोठमोठे लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने केलेल्या कामाच्या नोंदी, दाखवले. कधीतरी मध्येच पडद्यावर एक ओळ येऊन गेली की संभाषणाचा सारांश केला आहे. मी ती वाचली आणि पुढे गेले. त्यानंतरच्या फायलींमध्ये पांडूरंगचे पांडुरंग झाले, सखूबाईंच्या सखुबाई झाल्या, हणमंतचा हनुमंत झाला.

नीट बघा, बिघडलेली यादी आधीपेक्षा चांगली दिसत होती. एरर नाही, चौकोन नाहीत, तुटलेल्या वेलांट्या नाहीत. नजर टाकून पकडावं असं त्यात काहीच नव्हतं. पासबुकं समोर घेऊन बसलेल्या पतसंस्थेतल्या क्लार्कबाईंना ते दिसलं.

हे होतं कसं? मदतनिसाच्या मागे जे भाषेचं मॉडेल असतं त्याला स्वतःची अशी आठवण नसते. तुम्ही दर वेळी एन्टर दाबता तेव्हा आतापर्यंतचं सगळं संभाषण, वाचलेल्या फायली, कमांडचे निकाल, हे सगळं पुन्हा त्याच्यापुढे ठेवलं जातं. त्याला मर्यादा आहे, तिला कॉन्टेक्स्ट विंडो, थोडक्यात कॉन्टेक्स्ट म्हणतात आणि ती टोकनमध्ये, म्हणजे शब्दांच्या छोट्या तुकड्यांमध्ये मोजतात. काही मॉडेलना ती 2,00,000 टोकनांची, काहींना 10,00,000 ची. आकडा मोठा वाटतो, पण न गाळता दाखवलेला एक लॉग त्यातला मोठा घास खातो. देवनागरी मजकूर तर आणखी जागा घेतो. तेवढ्याच अर्थाच्या इंग्रजीपेक्षा मराठीला सहसा जास्त टोकन लागतात. मर्यादा जवळ आली की अवजार जुन्या संभाषणाचा सारांश करून मूळ बाजूला टाकतं. माझ्या सारांशात 'नावं युनिकोडमध्ये आणणे, चुका दुरुस्त करणे' एवढं उरलं आणि 'शुद्धलेखन सुधारायचं नाही' हे गळून पडलं. सारांशात नेमकं नकारच गळतात, असा माझा अनुभव आहे. काय करायचं ते उरतं, काय करायचं नाही ते जातं.

आणि मर्यादा भरायलाच हवी असंही नाही. संभाषण लांबलं की सुरुवातीच्या सूचनेची पकड आधीच सैल होऊ लागते. त्यामुळे मोठ्या कॉन्टेक्स्टचं मॉडेल घेतलं की सुटलो, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. अडचण पुढे ढकलली जाते, एवढंच.

यावर मी आता जे करते ते असं. एक काम, एक सेशन. काम संपलं, कमिट केलं, की क्लॉड कोडमध्ये स्लॅश क्लिअर, कोडेक्समध्ये स्लॅश न्यू, आणि कोऱ्या पाटीवर पुढचं. 'त्याला आता सगळं समजलंय, कशाला पुसायचं' हा मोह फार होतो. तो आवरा. कायमचे नियम प्रोजेक्टच्या सूचनाफाइलमध्ये लिहा. ती नव्या सेशनच्या सुरुवातीला आपोआप वाचली जाते. क्लॉड कोडला 'क्लॉड डॉट एमडी' लागते, कोडेक्सला 'एजंट्स डॉट एमडी', जेमिनीला 'जेमिनी डॉट एमडी'. फाइल छोटी ठेवा. चार-चार पानांच्या सूचनाफायली मी पाहिल्या आहेत, त्यात 'तू जगातला सर्वोत्तम प्रोग्रॅमर आहेस' असली वाक्यंही असतात. ती काढून टाका, काही फरक पडत नाही. सारांश करावाच लागला तर क्लॉड कोडमध्ये स्लॅश कॉम्पॅक्ट स्वतः चालवा आणि त्याच्यापुढेच काय टिकवायचं ते लिहा. आपोआप झाला तर थांबा, 'आत्ता तुला कोणते नियम माहीत आहेत?' असं विचारा आणि उत्तर खरंच वाचा.

तरीही सूचनाफाइल म्हणजे विनंती, कुलूप नव्हे. जो नियम मोडून चालणारच नाही तो शब्दांवर सोडू नका. मूळ याद्या मी आता रीड-ओन्ली करते आणि कामाच्या फोल्डरबाहेर ठेवते. दुसरं, युनिकोडमध्ये आलेली यादी उलट्या दिशेने पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये नेणारी एक स्क्रिप्ट आहे. परत गेलेलं मुळाशी अक्षरन् अक्षर जुळलं नाही की ती ओरडते. झुकलेल्या र सारखे माहीत असलेले फरक आधी एकसारखे करून घ्यावे लागतात, पण पांडूरंगचा पांडुरंग तिच्या हातून सुटत नाही.

त्यातूनच माझं एक ठाम मत झालं आहे. डेटा मदतनिसाच्या तोंडून जाऊ देऊ नका, त्याच्याकडून स्क्रिप्ट, म्हणजे ते काम करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून घ्या. त्याने स्वतः ओळी वाचून नव्या लिहिल्या तर प्रत्येक ओळीला तो नवा निर्णय घेतो. स्क्रिप्ट पहिल्या ओळीला जे करते तेच शेवटच्या ओळीला करते, आणि चुकली तरी एकाच पद्धतीने चुकते, म्हणून सापडते. शिवाय सभासदांची नावं, खाते क्रमांक, आधार हे कोणाच्या तरी सर्व्हरवर पाठवायचा तुम्हाला हक्क आहे का, तेही विचारा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा फक्त मोठ्या कंपन्यांसाठी केलेला नाही. मी स्क्रिप्ट लिहून घेताना खोटी नावं, खोटे क्रमांक असलेली नमुना फाइल देते आणि खऱ्या यादीवर ती स्क्रिप्ट माझी मी चालवते. पासवर्ड असलेली फाइल त्या फोल्डरमध्ये नसतेच.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. कमांड चालवण्याआधी तो विचारतो आणि थोड्या वेळाने कंटाळून तुम्ही न वाचता 'हो' म्हणू लागता. सगळ्यांचं होतं. फायली वाचण्यासारख्या निरुपद्रवी गोष्टींना कायमची परवानगी देऊन टाका, म्हणजे उरलेले प्रश्न वाचण्याइतके कमी होतील. विचारणंच बंद करणारा पर्यायही आहे. क्लॉड कोडमध्ये त्याच्या नावातच 'डेंजरसली' आहे, जेमिनीत त्याला 'योलो' म्हणतात. करणाऱ्यांनी इतकं सरळ नाव ठेवलं असताना ऑफिसच्या मशीनवर तो चालवणाऱ्यांना मी काय सांगू?

प्रॉम्प्टचे संच विकणाऱ्यांवर पैसे घालवू नका. गुरू शोधायचाच तर एआयवर बोलणारा शोधू नका, ज्याने कधीतरी डेटा गमावलाय असा शोधा. आमच्याकडे डेटाबेस सांभाळणारे निवृत्तीला आलेले काका आहेत. त्यांना यातलं एकही अवजार वापरता येत नाही. मी काहीही उत्साहाने दाखवायला गेले की ते एवढंच विचारतात, "पोरी, बॅकअप घेतलास काय?" सुरुवातीला राग यायचा. आता जाण्याआधी बॅकअप घेऊन जाते.

सूचना मराठीत द्याव्यात का, असंही विचारतात. द्या, समजतात. मी हिशेबाचे, पतसंस्थेच्या व्यवहाराचे नियम मराठीतच सांगते, कारण 'थकबाकी' आणि 'येणे बाकी' यांतला फरक मला इंग्रजीत धड मांडता येत नाही. तांत्रिक भाग इंग्रजी मिसळून लिहिते. त्याची लाज वाटण्याचं कारण नाही. टोकन थोडे जास्त जातात, पण तुमच्या मोडक्या इंग्रजीतून झालेला गैरसमज निस्तरायला त्याहून जास्त जातात. टोकनांप्रमाणे पैसे मोजत असाल तर खात्यावर महिन्याची मर्यादा मात्र पहिल्याच दिवशी घाला. कामाला लागलेला मदतनीस एकाच चुकीभोवती गोल गोल फिरत बसला आणि तुम्ही जेवायला गेलेल्या असाल तर बिल थांबत नाही.

सुरुवात मोठ्या कामाने करू नका. सुरू करताना नावापुढे डॅश पी लावला की क्लॉड कोड आणि जेमिनी एकच उत्तर देऊन बाहेर पडतात, संभाषण लांबतच नाही. पाइप, म्हणजे एका कमांडचं उत्तर दुसरीला देणारी सोय, वापरून लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळी त्याला द्या आणि काय बिघडलंय ते विचारा. युनिक्समध्ये पाइप 1973 पासून आहे, आणि माझ्या रोजच्या कामातला निम्मा उपयोग अजून एवढाच आहे.