स्टीलच्या सिंकवर तांबूस डाग? या चुका टाळा

नव्या घरात ग्रॅनाइटचा ओटा होतो, सिंक बसतं आणि वास्तुशांतीच्या आधीच त्यावर तांबूस ठिपके उमटतात. सगळे दुकानदाराला दोष देतात. पण बरेचदा घोळ साइटवरच झालेला असतो. फरशीवरचं सिमेंट काढायला कामगार अ‍ॅसिड ओततात. ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं आणि त्याच्या वाफासुद्धा स्टीलला बाधतात. क्रोमियम ऑक्साइडचा जो अतिशय पातळ थर स्टीलला गंजापासून वाचवतो, तोच या अ‍ॅसिडमधल्या क्लोराइडमुळे फुटतो. त्यामुळे अ‍ॅसिडने धुलाई आधी उरकून घ्या आणि सिंक त्यानंतरच बसवा. वरून प्लास्टिक झाकून वाफा अडत नाहीत. खिडकीच्या ग्रिलचं ग्राइंडिंगही सिंकजवळ नको, लोखंडाचे कण उडून चिकटतात आणि गंजतात.

डाग पडलेच तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट मऊ कापडाने, स्टीलच्या रेषांच्या दिशेने चोळा. वरवरचा गंज निघून जातो. नख फिरवल्यावर खड्डा लागला, तर मात्र तो कायमचा. तारेची घासणी, ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर सिंकपासून लांबच ठेवा.

खरेदीत एक गैरसमज फार पक्का आहे: लोहचुंबक चिकटला नाही, म्हणजे स्टील ३०४ (सिंकसाठी चांगला समजला जाणारा ग्रेड). मुळीच नाही! निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेल्या स्वस्त २०२ ग्रेडलाही तो सहसा चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ च्या दाबून वळवलेल्या कोपऱ्यांवर तो थोडा ओढला जाऊ शकतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ग्रेड बिलावर लिहून घ्या. घर मालवण-रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावर असेल, तर मॉलिब्डेनम असलेल्या, खारी हवा जास्त सोसणाऱ्या ३१६ ग्रेडसाठी जास्त पैसे मोजावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. गेजचा (पत्र्याच्या जाडीचा) आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हेही लक्षात असू द्या.

काटकोनी कोपऱ्यांचं सिंक फोटोत देखणं दिसतं, पण कोपऱ्यात खरकटं अडकतं. किंचित गोलाई असलेलं घ्या. अंडरमाउंट (ओट्याच्या खालून बसवलेलं) सिंक नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर सोडू नका, खालून ब्रॅकेटचा आधार हवाच.

सिंकमधून वास येत असेल, तर आधी खाली वाकून पाहा. पाइप थेट ड्रेनेजमध्ये खुपसलेला असेल, तर बॉटल ट्रॅप (थोडं पाणी साठवून ड्रेनेजचा वास अडवणारा भाग) बसवून घ्या. ट्रॅप असूनही गावाहून परतल्यावर वास आला, तर त्यातलं पाणी आटलेलं असतं. तांब्याभर पाणी ओतलं की झालं.